विश्लेषण : जिंकत असतानाही गोलरक्षक पुढे का धावला? चॅम्पियन्स लीगचे नवे गणित समजून घ्या

लिस्बनमधला सामना संपत आला होता. बेन्फिका ३-२ ने पुढे होती आणि समोर रेयाल माद्रिद, तीही दोन लाल कार्डांमुळे नऊ खेळाडूंवर आलेली. भरपाई वेळेचे आठवे मिनिट सुरू होते. अशा वेळी आघाडीवरचा संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो. बेन्फिकाने मात्र फ्री-किक मिळताच आपला गोलरक्षक अनातोली ट्रुबिन याला थेट रेयालच्या गोलसमोर पाठवले. चेंडू आला, ट्रुबिनने उडी घेतली आणि डोक्याने तो जाळ्यात धाडला. ४-२. भारतात तेव्हा २९ जानेवारी २०२६ ची पहाट होती, साडेतीन वाजत आले होते.

जिंकत आलेल्या सामन्यात एवढी जोखीम कशासाठी? कारण बेन्फिकाचे भवितव्य लिस्बनमध्ये ठरतच नव्हते. त्याच वेळी बेल्जियममध्ये क्लब ब्रूजने फ्रान्सच्या मार्सेला ३-० ने हरवले होते. बेन्फिका ३-२ वर थांबली असती, तर तिचे आणि मार्सेचे गुण समान, म्हणजे ९ झाले असते. गोलफरकही समान, उणे ३. पण मार्सेचे एकूण गोल ११ आणि बेन्फिकाचे ९. म्हणजे मार्से पुढच्या फेरीत आणि बेन्फिका घरी. ट्रुबिनच्या गोलने बेन्फिकाचा गोलफरक उणे २ झाला आणि मार्से बाहेर गेली. हे दोन क्लब या मोसमात एकमेकांशी खेळलेसुद्धा नव्हते.

आणखी एक गोल हवा आहे, हे आपल्याला आधी ठाऊकच नव्हते, असे ट्रुबिनने सामन्यानंतर सांगितले. मैदानातल्या गोलरक्षकाचीच ही गत असेल, तर रात्री दीड वाजता मोबाइलवर गुणतक्ता रिफ्रेश करत बसलेल्या प्रेक्षकाला दोष कसा द्यायचा?

नवे स्वरूप नेमके काय?

२०२३-२४ पर्यंत चॅम्पियन्स लीगचे गणित सोपे होते. ३२ संघ, चार-चार संघांचे आठ गट, प्रत्येकाचे सहा सामने, गटातले पहिले दोन पुढे. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला युरोपा लीगची खिडकी उघडी असे.

२०२४-२५ पासून गट गेले. आता ३६ संघ आणि सगळ्यांचा मिळून एकच गुणतक्ता. प्रत्येक संघ आठ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदाच खेळतो, चार सामने घरी आणि चार बाहेर. याला ‘लीग फेज’ म्हणजे साखळी टप्पा म्हणतात. आठ सामन्यांनंतर पहिले आठ संघ थेट अंतिम १६ मध्ये जातात. ९ ते २४ क्रमांकाचे संघ प्ले-ऑफ खेळतात. २५ ते ३६ यांचा युरोपातला मोसम तिथेच संपतो, कारण युरोपा लीगची खिडकी आता बंद झाली आहे.

साखळीतले सामने ९६ वरून १४४ वर गेले आणि स्पर्धेतले एकूण सामने १२५ वरून १८९ वर. बदलामागचे एक कारण या आकड्यांतच आहे. सामने जास्त म्हणजे प्रक्षेपणाचे पैसे जास्त. दुसरे कारण भीतीचे होते. मोठ्या क्लबांना आपसात अधिक सामने हवे होते. एप्रिल २०२१ मध्ये अशा १२ क्लबांनी वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली आणि चाहत्यांच्या संतापापुढे ती दोन-तीन दिवसांत कोसळली. त्याच गदारोळात यूएफाने ३६ संघांच्या रचनेला मंजुरी दिली. मूळ योजनेत प्रत्येकी दहा सामने होते, २०२२ मध्ये ते आठवर आणले गेले.

आठ प्रतिस्पर्धी कोण ठरवते?

बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. शालेय स्पर्धेत दीडशे मुले असली तरी प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळत नाही. ठरावीक फेऱ्या होतात आणि शेवटी एकच गुणतक्ता लागतो. ही ‘स्विस पद्धत’. १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती वापरली गेली, म्हणून हे नाव. पण फरक आहे. बुद्धिबळात पुढची जोडी आधीच्या निकालांवरून ठरते, जिंकणाऱ्यासमोर जिंकणारा येतो. फुटबॉलमध्ये ते शक्य नाही. विमाने, हॉटेल, पोलीस बंदोबस्त, तिकिटे हे सगळे आधी ठरवावे लागते. त्यामुळे आठही प्रतिस्पर्धी ऑगस्टच्या अखेरीस एकाच सोडतीत ठरतात.

त्यासाठी ३६ संघ नऊ-नऊच्या चार ‘पॉट’मध्ये विभागले जातात. गतविजेता पहिल्या पॉटमध्ये सर्वांत वर आणि बाकीचे गेल्या पाच मोसमांतील युरोपीय कामगिरीच्या गुणांनुसार. प्रत्येक संघाला प्रत्येक पॉटमधून दोन प्रतिस्पर्धी मिळतात, एक घरी आणि एक बाहेर. स्वतःच्या पॉटमधूनही दोन. त्यात आणखी अटी : साखळीत आपल्याच देशाचा क्लब समोर येणार नाही आणि कोणत्याही एका देशाचे दोनपेक्षा जास्त क्लब वाट्याला येणार नाहीत.

इंजिनीअरिंग केलेल्यांनी इथे क्षणभर थांबावे, कारण हा खास आपला प्रश्न आहे. काचेच्या भांड्यातून एकेक चेंडू काढत गेलो, तर शेवटी असा संघ उरू शकतो ज्याच्यासाठी फक्त स्वतःच्याच देशाचे क्लब शिल्लक आहेत. म्हणजे प्रत्येक चेंडूनंतर पुढची सोडत अडकणार नाही ना, हे तपासत राहावे लागते. पूर्ण सोडत हाताने करायची तर सुमारे हजार चेंडू आणि कित्येक तास लागतील, असा यूएफाचाच हिशेब होता. म्हणून आता संघाचे नाव हाताने निघते आणि त्याचे आठ प्रतिस्पर्धी संगणक देतो. सोडतीतली जुनी गंमत यात थोडी गेलीच.

सगळ्यांचा पेपर वेगळा, मग गुणतक्ता एकच कसा?

या रचनेवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे. बेन्फिका आणि मार्से यांच्या आठपैकी फक्त तीन प्रतिस्पर्धी समान होते : रेयाल, न्यूकॅसल आणि आयाक्स. उरलेल्या पाच पेपरांची काठिण्यपातळी वेगळी, पण निकाल एकाच यादीत. पॉटमुळे फरक कमी होतो, संपत नाही. दुसऱ्या पॉटमधला संघ यंदा भरात असू शकतो आणि पहिल्या पॉटमधला जुन्या पुण्याईवर तिथे बसलेला असू शकतो.

समान गुण झाल्यावर काय, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे. जुन्या गटांत आधी आपसातल्या सामन्यांचा निकाल बघत. आता बहुतेक संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात. म्हणून क्रम असा : आधी गोलफरक, मग एकूण गोल, मग बाहेरच्या मैदानांवरचे गोल, मग विजयांची संख्या, मग बाहेरचे विजय. तरीही बरोबरी सुटली नाही तर तुम्ही ज्या आठ संघांशी खेळलात त्यांचे एकूण गुण बघितले जातात. कठीण पेपर सोडवल्याचे बक्षीस इथे मिळते, पण फार उशिरा. हा निकष आणखी वर हवा होता, असे वाटते.

परिणाम असा, की हरताना किती गोल खाल्ले हेही महत्त्वाचे झाले. २०२४-२५ मध्ये मँचेस्टर सिटी, स्पोर्टिंग, क्लब ब्रूज आणि दिनामो झाग्रेब या चौघांचे ११ गुण होते. पहिले तिघे २२, २३ आणि २४ व्या स्थानी राहून पुढे गेले. शेवटच्या रात्री एसी मिलानला हरवूनही झाग्रेब २५ वी राहिली. तिचा गोलफरक उणे ७ होता, ब्रूजचा उणे ४. झाग्रेबची मोहीम सुरूच झाली होती बायर्न म्युनिककडून २-९ असा मार खाऊन. सप्टेंबरमधल्या त्या एका रात्रीची किंमत जानेवारीत चुकवावी लागली.

यंदा ९ गुणांवर पाच संघ होते. त्यांतले बोडो/ग्लिम्ट आणि बेन्फिका पुढे गेले. मार्से, सायप्रसचा पाफोस आणि बेल्जियमचा युनियन सेंट-गिलोइस यांना घरी जावे लागले. म्हणजे गेल्या वर्षी ११ गुण पुरले नाहीत आणि यंदा ९ पुरले. ‘अमुक गुण म्हणजे सुरक्षित’ असे छातीठोक सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

आठवा आणि नववा, एवढा फरक का?

आठव्या संघाला फेब्रुवारीत विश्रांती, नवव्याला आणखी दोन सामने. यंदा सिटी १६ गुणांसह आठवी राहिली, तर रेयाल १५ गुणांसह नववी. रेयाल त्या रात्री लिस्बनमध्ये हरली नसती, तर प्ले-ऑफ टळला असता.

प्ले-ऑफच्या जोड्याही साखळीतल्या क्रमांकावरून बांधलेल्या असतात. ९-१० समोर २३-२४, ११-१२ समोर २१-२२ आणि पुढे याच क्रमाने. दोनपैकी नेमका कोण, एवढेच सोडतीत ठरते. म्हणून नवव्या रेयालसमोर चोविसावी बेन्फिका पुन्हा उभी राहिली. या खेपेस रेयालने बाजी मारली. दुसऱ्या जोडीत नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टने दहाव्या क्रमांकाच्या इंटर मिलानला दोन सामन्यांत मिळून ५-२ असे हरवले.

बाद फेऱ्यांत दोन सामन्यांची गोलबेरीज चालते. बाहेरच्या गोलला जास्त वजन देणारा जुना नियम २०२१ मध्येच रद्द झाला. बरोबरी राहिली तर अतिरिक्त वेळ, मग पेनल्टी. अंतिम १६ पासून सगळा आराखडा शेवटपर्यंत पक्का असतो, त्यामुळे मार्चमध्येच उपांत्य फेरीत कोण समोर येऊ शकेल ते दिसते. यंदापासून एक भर पडली आहे. पहिल्या चौघांना उपांत्यपूर्व फेरीतला आणि पहिल्या दोघांना उपांत्य फेरीतलाही दुसरा सामना घरी मिळतो. त्यांना कुणी हरवले, तर ती सवलत हरवणाऱ्याकडे जाते. आठही सामने जिंकून अव्वल राहिलेल्या आर्सेनलला याचा फायदा आहे.

पण पहिला क्रमांक म्हणजे करंडक नव्हे. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूल अव्वल होती. पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) दोन सामने उरले असताना पहिल्या २४ मध्येही नव्हती आणि शेवटी पंधराव्या स्थानी राहिली. पुढे तिने प्ले-ऑफमध्ये आपल्याच देशाच्या ब्रेस्टला एकूण १०-० ने चिरडले, अंतिम १६ मध्ये लिव्हरपूललाच पेनल्टीवर बाहेर काढले आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने हरवून पहिल्यांदा करंडक उचलला.

३६ जागा कुणाला मिळतात?

इथे देशाचा क्रमांक बोलतो. यूएफाच्या ५५ सदस्य संघटना आहेत. प्रत्येक देशाच्या क्लबांनी युरोपातल्या तिन्ही स्पर्धांत मिळवलेल्या गुणांना त्या देशाच्या क्लबांच्या संख्येने भागतात. म्हणजे सरासरी. पाच मोसमांच्या अशा सरासरींची बेरीज म्हणजे देशाचे रँकिंग.

पहिल्या चार देशांना, म्हणजे इंग्लंड, स्पेन, जर्मनी आणि इटलीला, प्रत्येकी चार थेट जागा. पाचव्या फ्रान्सला तीन, सहाव्या नेदरलँड्सला दोन. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या देशांचा फक्त विजेता थेट आत. झाल्या २५. चॅम्पियन्स लीगचा आणि युरोपा लीगचा गतविजेता धरून २७. आधीच्या मोसमात ज्या दोन देशांची सरासरी सर्वोत्तम, त्यांना एकेक जादा जागा, म्हणजे २९. उरलेल्या सात पात्रता फेऱ्यांतून येतात. गतविजेता देशांतर्गत लीगमधूनच पात्र ठरला असेल, तर त्याची जागा पात्रता फेरीतल्या सर्वोत्तम गुणांच्या क्लबाला जाते. पीएसजी फ्रान्सचीही विजेती होती, म्हणून यंदा ग्रीसच्या ऑलिम्पियाकोसला थेट प्रवेश मिळाला.

या नियमांचा जोर बघायचा तर टॉटनहॅम बघा. २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये हा क्लब २० संघांत सतरावा होता. पण मे २०२५ मध्ये त्याने बिल्बावमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग जिंकली आणि चॅम्पियन्स लीगचे दार उघडले. इंग्लंडच्या चार नेहमीच्या जागा, न्यूकॅसलला मिळालेली जादा जागा आणि टॉटनहॅम मिळून एकाच देशाचे सहा क्लब झाले. असे याआधी कधी घडले नव्हते. साखळी संपली तेव्हा पहिल्या आठांत पाच इंग्लिश होते आणि त्यांत टॉटनहॅम चौथी! दुसरी जादा जागा मिळालेल्या स्पेनच्या व्हिलारेयालने मात्र आठ सामन्यांत एकच गुण मिळवला.

आता दुसरे टोक. पात्रता फेऱ्यांत दोन रस्ते आहेत. एक लहान देशांच्या विजेत्यांचा, त्यातून पाच जागा. दुसरा मध्यम-मोठ्या देशांतल्या बिगरविजेत्या क्लबांचा, त्यातून फक्त दोन. कझाकस्तानचा विजेता कैरात अल्माटी पहिल्या रस्त्याने जुलैमध्ये निघाला. चार फेऱ्या, आठ सामने. शेवटच्या दोन फेऱ्यांत स्लोव्हान ब्रातिस्लावा आणि स्कॉटलंडच्या सेल्टिकला त्याने पेनल्टीवर हरवले. एवढे करून पहिला सामना कुठे, तर लिस्बनमध्ये. नकाशा काढून बघा, अल्माटीहून लिस्बनपेक्षा मुंबई कितीतरी जवळ आहे. साखळीत कैरात एका गुणासह ३६ वी आली.

बेन्फिका दुसऱ्या रस्त्याने आली. पोर्तुगाल क्रमवारीत सातवा, म्हणून थेट जागा विजेत्या स्पोर्टिंगला गेली. बेन्फिकाला नीस आणि फेनरबाचे यांना हरवून यावे लागले. फेनरबाचेचे प्रशिक्षक तेव्हा जोझे मोरिन्यो होते. त्या पराभवानंतर दोनच दिवसांत त्यांची हकालपट्टी झाली आणि सप्टेंबरमध्ये ते बेन्फिकाचेच प्रशिक्षक झाले. ट्रुबिन पुढे धावला तेव्हा टचलाइनवर तेच होते. मार्सेला ३-० ने हरवणारी ब्रूजही याच रस्त्याने आलेली. थेट जागा मिळालेल्या मार्सेला शेवटच्या रात्री पात्रता फेरीतून आलेल्या दोघांनी मिळून बाहेर काढले.

पैसा किती?

या तीन मोसमांच्या चक्रात चॅम्पियन्स लीगच्या क्लबांना दरवर्षी सुमारे २४६.७ कोटी युरो वाटले जातात. एक युरो ढोबळपणे १०० रुपये धरला, तर २४ हजार कोटींहून अधिक. साखळीत नुसते पोहोचल्याचे १.८६ कोटी युरो, विजयाचे २१ लाख, बरोबरीचे ७ लाख, प्ले-ऑफ गाठल्याचे १० लाख. शिवाय गुणतक्त्यातल्या प्रत्येक पायरीमागे सुमारे पावणेतीन लाख युरो. म्हणून ३० वी आणि ३१ वी जागाही कुणी सहज सोडत नाही.

कैरातसारख्या क्लबासाठी पहिला आकडाच आयुष्य बदलणारा. पण एकूण रकमेतला ३५ टक्के वाटा प्रक्षेपण बाजाराचे मूल्य आणि पाच-दहा वर्षांच्या कामगिरीवर वाटला जातो. तो कुठे जातो, हे वेगळे सांगायला नको. मैदानावर दार थोडे उघडले आहे, तिजोरीचे मात्र नाही.

मग लहान क्लबांना फायदा झाला की तोटा?

यंदा पात्रता फेरीतून आलेल्या सातपैकी चार क्लबांनी पहिले २४ गाठले : ब्रूज, अझरबैजानचा काराबाग, बोडो/ग्लिम्ट आणि बेन्फिका. बोडो हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेले छोटे शहर. त्यांच्या क्लबाला पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय नव्हता. नंतर त्यांनी घरी मँचेस्टर सिटीला ३-१ ने आणि माद्रिदमध्ये ॲटलेटिकोला २-१ ने हरवले. जुन्या पद्धतीत सहा सामन्यांनंतर त्यांचा खेळ खलास झाला असता. आठ सामन्यांत चूक सावरायला वेळ मिळतो. अर्थात तोच वेळ पीएसजीसारख्या श्रीमंतांनाही मिळतो आणि एखाद-दुसऱ्या वाईट रात्रीने मोठा क्लब बाहेर जाण्याची शक्यता कमी होते. ३६ पैकी २४ संघ पुढे जाणार असतील, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले बरेच सामने निरस होतात, हेही खरे. शेवटच्या रात्री १८ सामने एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा त्याची भरपाई होते.

आशियानेही हीच वाट धरली आहे. एएफसी चॅम्पियन्स लीग एलिटमध्ये २०२४-२५ पासून प्रत्येकी आठ सामन्यांची साखळी आली. एफसी गोवा यंदा ज्या दुसऱ्या स्तरावरच्या स्पर्धेत अल नासरसमोर खेळली, तिथे अजून चार संघांचे गटच आहेत.

राहता राहिला जागरणाचा प्रश्न. युरोपात हिवाळी वेळ असते तेव्हा मुख्य सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. मार्चअखेर तिथली घड्याळे तासभर पुढे गेली, की साडेबाराला. यंदाचा अंतिम सामना ३० मे रोजी बुडापेस्टच्या पुस्कास अरेनात आहे आणि यूएफाने तो स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सहावर आणला आहे. म्हणजे भारतात रात्री साडेनऊ. शनिवार आहे.